आकडा बोलतो, पण खरे बोलतो का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



दहावीचा निकाल जवळ आला, की आमच्या क्षेत्रातल्या माणसांचे फोन वाजू लागतात. 'मुलाची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट करायची आहे', 'मुलीचा आयक्यू काढायचा आहे', 'शाळेने चाचणी करून आणायला सांगितली आहे', असे ते फोन असतात. काही पालक चाचणी आधीच करून आलेले असतात. त्यांच्या हातात गुळगुळीत कागदावर छापलेला, रंगीत आलेखांचा अहवाल असतो आणि प्रश्न बहुधा एकच असतो : 'एवढे गुण आलेत, म्हणजे चांगले ना?'

गेली बरीच वर्षे मी मानसशास्त्र शिकवते आणि समुपदेशनाचे कामही करते. पण 'हा आकडा किती भरवशाचा आहे?' किंवा 'या आकड्याने नेमके काय मोजले?' असे विचारणारे पालक मला फार थोडे भेटले. पाव किलो मिरच्या घेताना आपण तराजूच्या काट्यावरून नजर हलू देत नाही. मुलाने कोणत्या शाखेला जायचे, मुलीला कोणत्या वर्गात बसवायचे, हे ज्या आकड्यावर ठरणार, त्याचा तराजू मात्र कोणी पाहत नाही. तो कसा पाहायचा, एवढेच मला आज सांगायचे आहे. मानसशास्त्रात त्यासाठी दोन शब्द आहेत : विश्वसनीयता आणि सप्रमाणता. सप्रमाणतेला काही पुस्तकांत यथार्थता किंवा वैधता असेही म्हटलेले आढळेल.

शितावरून भाताची परीक्षा

उंची मोजायची तर भिंतीला उभे करता येते, ताप मोजायचा तर थर्मामीटर लावता येतो. बुद्धी, स्मरणशक्ती, चिंता, आवड या गोष्टींना अशी मोजपट्टी थेट लावता येत नाही. मग आपण काय करतो? माणसाला काही ठरावीक प्रश्न, कोडी, चित्रे देतो आणि त्या तासाभरात तो जे करतो, त्यावरून उरलेल्याचा अंदाज बांधतो. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करतो. चाचणीतले पन्नास प्रश्न ही शिते आणि माणसाची क्षमता हा भात.

घरातली बाई एकच शीत दाबून गॅस बंद करत नाही. ती दोन-चार शिते बघते, तळातलेही बघते. सगळी शिते एकच गोष्ट सांगत असतील, तर तिचा भरवसा बसतो. ही झाली विश्वसनीयता. आता दुसरा प्रश्न. शीत मऊ लागले, म्हणजे भात शिजला, हे कळले. पण भातात मीठ पडले आहे का, हे शीत दाबून कळेल का? नाही कळणार. ज्यासाठी परीक्षा केली, ते त्या परीक्षेतून खरोखर कळते का, हा सप्रमाणतेचा प्रश्न. पुढचे सगळे या दोन प्रश्नांचाच विस्तार आहे.

पुन्हा मोजले तर तेच येईल?

आधी विश्वसनीयता घेऊ. रबराच्या टेपने शिंप्याने माप घेतले तर काय होईल? एकदा छाती चौतीस भरेल, एकदा छत्तीस. माणूस बदललेला नाही, टेप ताणली गेली. चाचणीचेही तसेच आहे. आज घेतलेल्या चाचणीत मुलाला ११० गुण मिळाले आणि तीन आठवड्यांनी त्याच चाचणीत ८८ मिळाले, तर एवढ्यात त्याची बुद्धी कमी झाली, असे कोणी म्हणणार नाही. मापातच काहीतरी डळमळते आहे.

हे डळमळणे किती, ते शोधण्याच्या काही रीती आहेत. त्याच लोकांना काही काळाने तीच चाचणी पुन्हा द्यायची आणि दोन्ही वेळचे गुण किती जुळतात ते पाहायचे, ही पहिली. दुसऱ्या रीतीत एकाच चाचणीचे दोन भाग करतात, उदाहरणार्थ सम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे आणि विषम क्रमांकाचे दुसरीकडे, आणि दोन्हींतल्या गुणांचा मेळ बसतो का ते बघतात. तिसरी रीत तपासणाऱ्यांची. चित्र पाहून गोष्ट लिहायची, अशा चाचण्या असतात. एकच गोष्ट दोन परीक्षकांनी वेगवेगळी तपासली आणि एकाला त्यात आत्मविश्वास दिसला, दुसऱ्याला भीती दिसली, तर मोजले काय गेले? मुलाचे मन, की परीक्षकाचे?

या जुळणीचा हिशेब एका आकड्यात मांडतात. विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने त्याचा पाया घातला. हा विश्वसनीयता गुणांक शून्यापासून एकपर्यंत असतो. मापात काहीच राम नसेल तर शून्य आणि जराही चूक नसेल तर एक. नेमका एक कोणत्याच चाचणीला मिळत नाही. एकेका व्यक्तीविषयी महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल, तर तो ०.९ च्या वर असावा, अशी तज्ज्ञांची अपेक्षा असते.

आता हे गणित घरच्या भाषेत आणू. बुद्धिगुणांकाच्या चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि गुणांचा पसारा, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, तो साधारणपणे १५ चा असतो. चाचणीची विश्वसनीयता ०.९१ असेल, तर एका गुणामागची प्रमाण त्रुटी साडेचार येते. म्हणजे अहवालात १०० छापले असेल, तर त्याचा प्रामाणिक अर्थ 'खरा गुण बहुधा ९१ ते १०९ च्या दरम्यान' असा होतो. तीच विश्वसनीयता ०.७५ असेल, तर त्रुटी साडेसात होते आणि अर्थ '८५ ते ११५ च्या दरम्यान' इतका सैल होतो.

एका घरात थोरल्याला १०४ आणि धाकटीला ९९ गुण मिळतात आणि त्या पाच गुणांवरून दोघांची कायमची तुलना सुरू होते. 'दादा हुशार, तुझे आपले बेताचेच.' श्रोतेहो, हे पाच गुण त्रुटीच्या पोटात सहज मावतात. पुन्हा चाचणी घेतली तर क्रम उलटाही लागेल. पण त्या मुलीच्या मनात जे बसले, ते पुन्हा चाचणी घेऊन निघत नाही.

एका गुणाची किंमत

एका गुणावर आयुष्य टांगलेले असू शकते, याचा दाखला अमेरिकेतल्या न्यायालयाने दिला आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला फाशी देऊ नये, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. फ्लोरिडा राज्याने मग रेघ आखली : बुद्धिगुणांक ७० किंवा त्याहून कमी असेल, तरच पुढचा पुरावा ऐकू. फ्रेडी ली हॉल नावाचा कैदी १९७८ मधल्या खुनाबद्दल तिथे मृत्युदंडाची वाट पाहत होता. त्याच्या एका चाचणीत गुण होते ७१.

एका गुणाने दार बंद झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ मे २०१४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने फ्लोरिडाची ही कडक रेघ घटनाबाह्य ठरवली. कारण काय दिले? मापनातली त्रुटी. ७१ या गुणाचा अर्थ साधारण ६६ ते ७६ च्या दरम्यान असा होतो आणि चाचणी बनवणाऱ्यांनीच मान्य केलेली ही मर्यादा राज्याला डोळ्यांआड करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. अशा वेळी ती व्यक्ती रोजचे व्यवहार कसे सांभाळते, लहानपणापासून कशी वागत आली, हा पुरावाही ऐकला पाहिजे. पुढे २०१६ साली फ्लोरिडाच्या न्यायालयाने हॉलची फाशी रद्द केली. आमच्या वर्गात फळ्यावर लिहिलेले एक छोटेसे सूत्र एका माणसाच्या जगण्या-मरण्यापर्यंत जाऊन पोचले, ते असे.

आपल्याकडेही अपंगत्वाचे प्रमाणपत्र, खास शाळेतला प्रवेश, परीक्षेतल्या सवलती अशा गोष्टी चाचणीच्या आकड्याशी बांधलेल्या असतात. म्हणूनच जाणता तज्ज्ञ एका आकड्यावर थांबत नाही. मूल स्वतःचे स्वतः जेवते का, दुकानातून वस्तू आणते का, लोकांत कसे वावरते, हेही तो विचारतो.

दहा मिनिटे पुढे असलेले घड्याळ

आता सप्रमाणतेकडे वळू. अनेक घरांत भिंतीवरचे घड्याळ मुद्दाम दहा मिनिटे पुढे लावलेले असते. ते रोज तेवढेच पुढे असते, कधी कमी नाही, कधी जास्त नाही. विश्वसनीयतेच्या परीक्षेत हे घड्याळ पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. पण पाहुण्याने त्यावर विसंबून खरी वेळ सांगितली, तर ती चूक असेल. म्हणजे विश्वसनीय असलेले माप खरे असेलच, असे नाही. उलट, जे माप घडीघडी बदलते, ते खरे असण्याची आशाच नको. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

सप्रमाणता सिद्ध करायची म्हणजे पुरावा जमवायचा. पहिला पुरावा आशयाचा. गणिताच्या चाचणीत गणिताचे सगळे भाग आलेत का, की निम्मी उत्तरे केवळ भाषा कळल्यामुळे सुटत आहेत? दुसरा पुरावा निकषाचा. चाचणीत जास्त गुण मिळवणारी मुले पुढे प्रत्यक्षात त्या कामात पुढे जातात का? तिसरा पुरावा संकल्पनेचा. १९५५ साली ली क्रॉनबाख आणि पॉल मील या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो सविस्तर मांडला. 'चिंता' मोजते म्हणणारी चाचणी चिंतेच्या इतर मापांशी जुळली पाहिजे आणि चिंतेशी ज्याचा संबंध नाही, त्याच्याशी जुळता कामा नये.

या कामाची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. शाळेत मागे पडणारी मुले कशी ओळखावीत, हे ठरवण्यासाठी १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी एक आयोग नेमला. त्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. तिचा हेतू मर्यादित होता : कोणाला जादा मदतीची गरज आहे, ते ओळखणे. बुद्धी ही जन्माने ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे, हे म्हणणे बिनेला मान्य नव्हते.

चाचणीचा उपयोग किती, याचेही माप आपल्याकडे आहे. बुद्धिगुणांक आणि शाळेतले गुण यांचा सहसंबंध साधारण ०.५ असतो, असे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या तज्ज्ञ गटाने १९९६ साली नमूद केले. याचा अर्थ मुलांच्या गुणांतला सुमारे पाव फरक या आकड्याने समजतो. मानवी वागणुकीच्या संदर्भात हे थोडे नाही. पण उरलेल्या पाऊण हिश्श्यात चिकाटी, शिक्षक, घरचे वातावरण, प्रकृती असे बरेच काही बसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सप्रमाणता चाचणीच्या अंगाला चिकटलेली नसते, ती वापरावर अवलंबून असते. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत 'बुद्धिमत्ता चाचणी' असते. मुले वर्षभर गाइड घेऊन तिचा सराव करतात. शेवटी मिळालेल्या गुणांतून मेहनत आणि सराव किती, ते चांगले कळते. शिष्यवृत्ती देण्यासाठी ते उपयोगी असेलही. पण त्या गुणांना मुलाचा बुद्धिगुणांक म्हणणे चूक ठरेल.

बोटांचे ठसे आणि रंगीत अहवाल

गेल्या काही वर्षांत पालक ज्याविषयी मला सर्वाधिक विचारतात, त्या प्रकाराबद्दल आता बोलते. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि त्यावरून त्याची बुद्धी कोणत्या प्रकारची, त्याने डॉक्टर व्हावे की वकील, हे सांगायचे. याला 'डीएमआयटी' म्हणतात आणि त्यासाठी पालक काही हजार रुपये मोजतात.

आपल्या दोन प्रश्नांची फूटपट्टी याला लावून पाहू. बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यामुळे आज ठसे घ्या किंवा दहा वर्षांनी घ्या, तेच येतील. विश्वसनीयता उत्तम! पण त्या रेषांवरून गणिताची किंवा संगीताची क्षमता कळते, याचा पुरावा कुठे आहे? हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तांचा आधार इथे सांगितला जातो, पण त्यांच्या सिद्धांतात बोटांच्या ठशांना स्थान नाही. डाऊन सिंड्रोमसारख्या जनुकीय स्थितीत हाताच्या रेषांत काही विशेष आढळतात, हे खरे. तेवढ्यावरून निरोगी मुलाची करिअर ठरवता येत नाही. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही २०१९ साली या प्रकाराला शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे.

'पण मॅडम, अहवालात लिहिलेले अगदी तंतोतंत जुळते हो!' असे पालक म्हणतात. याचे उत्तर बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आहे. त्याने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचे वर्णन दिले. हे वर्णन कितपत जुळते, याला पाचपैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केले, की वर्णन सगळ्यांना एकच दिले होते आणि त्यातली वाक्ये बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून घेतली होती. 'तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण तिचा पुरेसा उपयोग तुम्ही केलेला नाही' या धर्तीचे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? रविवारच्या पुरवणीतले राशिभविष्य आपल्याला जुळते, तेही याच न्यायाने. म्हणून 'पटले' हा सप्रमाणतेचा पुरावा होत नाही.

चाचणीलाही गाव असते

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे साडेसतरा लाख सैनिकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची चाचणी होती. चित्रात काय राहिले आहे, ते ओळखायचे. एका चित्रात टेनिसच्या मैदानावर जाळी नव्हती, दुसऱ्यात फोनोग्राफला कर्णा नव्हता. इटलीतल्या किंवा पोलंडमधल्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या माणसाने टेनिस कुठे पाहिले असणार? अमेरिकेत राहून जितकी वर्षे झाली, तितके स्थलांतरितांचे गुण वाढलेले दिसत होते. तरीही कार्ल ब्रिगम यांनी १९२३ च्या पुस्तकात त्या गुणांवरून काही वंशांना कमी बुद्धीचे ठरवले. १९३० साली त्यांनी आपले निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीरपणे लिहिले. चाचणीने तिथल्या जगाशी ओळख किती, ते मोजले होते आणि नाव मात्र बुद्धीचे दिले गेले.

आपल्याकडे या बाबतीत चांगली परंपरा आहे. परदेशी चाचणीचे नुसते भाषांतर करून भागत नाही, हे ओळखून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बिनेच्या चाचणीचे नवे रूप तयार केले. १९४० साली त्यावरचे त्यांचे पुस्तक आले आणि ही बिने-कामत चाचणी पुढे अनेक दशके वापरात राहिली. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६०च्या दशकात डेव्हिड वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप केले.

मात्र जुनी चाचणी वापरताना एक काळजी घ्यावी लागते. अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात बुद्धिचाचण्यांतले सरासरी गुण जवळजवळ १४ ने वाढले, असे जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवले. इतर अनेक देशांतही अशी वाढ दिसली. म्हणजे आजच्या मुलाची तुलना पणजोबांच्या पिढीतल्या मुलांशी केली, तर त्याचे गुण फुगलेले दिसतील. ज्याला खरोखर मदतीची गरज आहे, तो मदतीच्या रेषेच्या वर ढकलला जाईल. म्हणून मानके किती साली आणि कोणत्या मुलांवरून ठरवली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

कल आणि क्षमता

दहावीच्या पालकांसाठी आणखी एक. राज्य शिक्षण मंडळाने २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली, तेव्हापासून 'कल' हा शब्द घरोघरी पोचला. कल म्हणजे ओढा, आवड. अभिक्षमता म्हणजे ते काम शिकण्याची ताकद. दोन्ही वेगळ्या चाचण्यांनी मोजतात. 'कला क्षेत्राकडे कल' असा अहवाल आला, याचा अर्थ मूल विज्ञानात कच्चे आहे, असा होत नाही. कल चाचणीला क्षमतेबद्दल विचारणे म्हणजे शीत दाबून मीठ बघण्यासारखे आहे. शिवाय पंधराव्या वर्षीची आवड पुढे बदलू शकते.

मग पालकांनी काय करावे? चाचणी घेणाऱ्याला पाच साधे प्रश्न विचारावेत. ही चाचणी नेमके काय मोजते? तिची विश्वसनीयता किती? ती ज्या कामासाठी वापरता आहात, त्यासाठी सप्रमाण असल्याचा पुरावा काय? तिची मानके कोणत्या मुलांवरून आणि कोणत्या साली ठरवली? आणि माझ्या मुलाचा गुण कोणत्या मर्यादेत धरायचा? चांगल्या चाचणीसोबत एक माहितीपुस्तिका असते, तिच्यात ही उत्तरे असतात. जाणता मानसशास्त्रज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरे वाटते. जो 'शंभर टक्के अचूक' असे सांगतो, त्याच्यापासून मात्र चार हात दूर राहावे, कारण त्रुटी नसलेली चाचणी अजून कोणी बनवलेली नाही.

चाचण्या टाकाऊ आहेत, असे माझे म्हणणे नाही. नीट बनवलेली आणि नीट वापरलेली चाचणी शिक्षकाच्या नजरेतून निसटलेले मूल शोधून देते, 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाची खरी अडचण वाचनाची आहे, हे दाखवून देते. पण तो एका तासाचा अंदाज आहे, हे विसरू नये. मूल तुमच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे वाढते आहे. अहवाल वाचा, प्रश्न विचारा आणि मग त्या अहवालाशेजारी तुम्ही स्वतः पाहिलेले मूलही ठेवा. निर्णय दोन्ही पाहून करावा.